स्टार, मटका आणि लाइटबिल

मार्केटिंग शिकलेली मुलंमुली माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये बहुधा एक कोंब असतो. ओंजळीतल्या मातीतून उगवलेला, मागे धूसर सूर्य, खाली एखादं उदात्त वाक्य. पर्यावरणाशी जोडलेल्या मार्केटिंगमध्येच करिअर करायचं, असं त्यांनी ठरवलेलं असतं आणि मनापासून ठरवलेलं असतं. मी फाइल बाजूला ठेवतो आणि घरचं लाइटबिल दाखवा म्हणतो. मोबाइलवर ते असतंच. गेल्या महिन्यात किती युनिट पडले? कुठल्या स्लॅबमध्ये गेलात? स्थिर आकार किती? पोरं गडबडतात. याचा आणि पर्यावरणाचा काय संबंध, असा प्रश्न चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

संबंध आहे तो फ्रिजवर चिकटवलेल्या ताऱ्यांचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, २००६ साली स्टार लेबल आणलं. एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला ते २०१० पासून सक्तीचं झालं. माझ्या मते आपल्या देशातलं हे सर्वांत यशस्वी पर्यावरणीय लेबल आहे, आणि गंमत म्हणजे त्यावर 'पर्यावरण' हा शब्द ठळकपणे कुठेच दिसत नाही. वर्षाला किती युनिट लागतील, तो आकडा आहे. एक ते पाच तारे आहेत. दुकानातला बारावी झालेला सेल्समनसुद्धा तेवढ्यावर गिऱ्हाइकाला पटवतो, "ताई, पाच स्टार घ्या, तीन-साडेतीन वर्षांत वरचे पैसे बिलातून सुटतात." हवामानबदलाचं नाव निघत नाही. कोळसा मात्र कमी जळतो. दर काही वर्षांनी निकष कडक होतात आणि कालचा पाच स्टारवाला एसी खालच्या पायरीवर येतो, त्यामुळे कंपनीला एकदा मिळालेल्या ताऱ्यांवर बसून राहता येत नाही.

याच्या शेजारी एक मटका ठेवून बघा. १९९१ साली केंद्र सरकारने 'इकोमार्क' नावाची योजना आणली. साबण, कागद, रंग अशा रोजच्या वस्तूंमध्ये जी वस्तू पर्यावरणाला कमी त्रास देते, तिच्यावर मातीच्या मटक्याचं चिन्ह छापायचं. कल्पना सुंदर, चिन्ह तर फारच सुंदर. पण किराणा दुकानात मटक्याचा साबण मागणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलंय? मी विक्रीच्या धंद्यात आलो ते पंखे आणि मिक्सर विकत. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याची दुकानं पायाखाली घातली. मटका काही कुठे भेटला नाही. त्या चिन्हाने गिऱ्हाइकाला त्याच्या स्वतःच्या घरातला कुठलाच फायदा सांगितला नाही. शिवाय कंपनीने चाचण्यांचा खर्च करून मटका मिळवायचा आणि शेजारच्या कंपनीने फुकटात 'इको-फ्रेंडली' छापायचं, या स्पर्धेत मटका टिकणार कसा? सप्टेंबर २०२४ मध्ये इकोमार्कचे नवे नियम आले आहेत. फुकटच्या शब्दांना चाप बसला, तरच त्यांचा काही उपयोग होईल.

स्टारचंही फार कौतुक करत बसायला नको. पुढे मी पंपांच्या कंपनीत गेलो, तेव्हा शेतीपंपावरच्या स्टारला कुणी विचारत नाही हे दिसलं. शोरूममध्ये ताऱ्यांवर बोट ठेवणारा माणूस तोच; घरचा फ्रिज पाच स्टार घेतो आणि विहिरीवरची मोटार घेताना विचारतो, "व्होल्टेज पडलं तर जळणार नाही ना? रिवाइंडिंग तालुक्याला होतं ना?" त्याचा हिशेब अचूक असतो. अनेकांचं शेतीच्या विजेचं बिल वर्षानुवर्षं युनिटवर नाही, पंपाच्या अश्वशक्तीवर येत होतं, आणि २०२४ पासून तर महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजच मोफत आहे. जे बिल येत नाही, ते वाचवण्यासाठी जास्त पैसे कोण मोजेल? त्याचं नुकसान होतं ते मोटार जळते तेव्हा, डीपी उडते तेव्हा, आणि आठ दिवस पाणी न मिळून ऊस वाळतो तेव्हा. कार्यक्षम पंप विकायचा तर 'कमी व्होल्टेजवरही चालतो' हे आधी सांगावं लागतं, आणि ते खरं असावं लागतं. मार्केटिंगच्या पुस्तकात याला ग्राहकाची गरज ओळखणं म्हणतात. वडगाव-पेठच्या दुकानदारांना ते पुस्तकाआधी कळलं होतं.

सौरपंपाने हेच दुसऱ्या बाजूने दाखवून दिलं. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. अनुदान हे मोठं कारण आहेच. पण बांधावर उभं राहून ऐका, माणसं काय बोलतात ते. शेतीला वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीत बॅटरी घेऊन पाण्याची दारं मोडायला जायचं, म्हणजे पायाखाली साप आणि उसात बिबट्या. जुन्नर-आंबेगावकडच्या बाईला सौरपंप हवा असतो तो नवरा रात्री घरात राहावा म्हणून. ज्या मार्केटिंगवाल्याला हे ठाऊक नाही, तो कार्बन उत्सर्जनाचे टन मोजत बसतो आणि त्याचं पत्रक भजी बांधायला जातं.

एलईडी बल्बचीही तीच कथा, फक्त वेगवान. 'उजाला' योजनेत सरकारी खरेदीचा दर २०१४च्या सुरुवातीला बल्बमागे ३१० रुपये होता. एकगठ्ठा खरेदीने तो दोनेक वर्षांत ३८ रुपयांवर आला. छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. तिथे घोषवाक्याला कामच उरलं नाही.

मग हिरवा शब्द वापरायचाच नाही का? वापरावा, पण त्याच्या खाली कागद असावा. या क्षेत्रातलं निम्मं काम त्या कागदाचं आहे, आणि ते कॉलेजात कुणी सांगत नाही.

एका कंपनीचा वितरक-मेळावा होता. प्लास्टिक टाळायचं म्हणून प्रत्येकाला सेंद्रिय कापसाची जाड पिशवी, वर कंपनीचं नाव, खाली 'पृथ्वीसाठी आमचं पाऊल'. मी त्यांच्यासमोर डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेचा २०१८चा अभ्यास ठेवला. दुकानात मिळणाऱ्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत, फक्त हवामानावरचा परिणाम धरला तरी साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरावी लागते, सेंद्रिय कापसाची १४९ वेळा. पाणी, खतं, ओझोन असे सगळे परिणाम धरून जो सर्वांत वाईट निघेल तो घेतला, तर साधी ७,१०० वेळा आणि सेंद्रिय २०,००० वेळा. सेंद्रिय जास्त का? तर एकरी उतारा कमी, म्हणजे तेवढ्याच कापसाला जमीन जास्त. सभागृहात शांतता पसरली. पण मी तिथेच थांबलो असतो तर तीही फसवणूकच ठरली असती, कारण त्या अभ्यासात उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा हिशेब नाही. डेन्मार्कमध्ये पिशवी भट्टीत जाते. आपल्याकडे ती नाल्यात, नाल्यातून मुठा नदीत आणि गाईच्या पोटात जाते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी आणली ती याच कारणाने. तेव्हा सुती पिशवी वाईट नाही. प्रत्येक मेळाव्यात नवी सुती पिशवी वाटणं वाईट आहे. घरोघरी दाराच्या खुंटीवर अशा दहा-दहा पिशव्या लटकताहेत. शेवटी त्यांनी पिशव्या रद्द केल्या आणि भेट म्हणून काहीच दिलं नाही. वितरक नाराज झाले, हेही सांगायला हवं.

आता हा कागद नियमांनीही मागितला जातो. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, हरित दाव्यांबद्दलचे नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'सस्टेनेबल', 'नॅचरल' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे की फक्त वेष्टनाबद्दल, हे सांगावं लागतं. 'अमुक सालापर्यंत कार्बन न्यूट्रल होऊ' म्हणायचं तर तिथवर पोचण्याची ठोस योजना हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

एएससीआयच्या नियमांतला एक मुद्दा मला विशेष आवडतो. जे कायद्याने सगळ्यांनाच करावं लागतं, ते आपला मोठेपणा म्हणून मिरवायचं नाही. सीएफसी वायूचं उत्पादन भारताने २०१०च्या सुमारास थांबवलं. 'सीएफसीमुक्त' ही मग कुणा एकाची थोरवी कशी? आजचा नवा अवतार म्हणजे 'आम्ही जेवढं प्लास्टिक विकतो तेवढं गोळा करतो'. अहो, विस्तारित उत्पादक जबाबदारीखाली ते करावंच लागतं. कायद्याच्या पलीकडे काय केलंत, तेवढं छापा. बैठकीत हे बोलणारा माणूस लोकप्रिय होत नाही. ब्रँड मॅनेजर तोंड फिरवतो, एजन्सीवाला घड्याळ बघतो. मात्र कायदा विभागातल्या बाई दुसऱ्या दिवशी फोन करतात.

निर्यात करणाऱ्यांवर तर हे वादळ आधीच येऊन आदळलंय. केएलएम या विमान कंपनीच्या जबाबदार उड्डाणाच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या होत्या, असा निकाल अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिला. युरोपीय संघाचा मोघम हरित दाव्यांना आणि केवळ कार्बन क्रेडिट विकत घेऊन केलेल्या 'न्यूट्रल' दाव्यांना मनाई करणारा निर्देश लागू होण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६ आहे. इचलकरंजीचं कापड किंवा नाशिकची द्राक्षं तिकडे पाठवणाऱ्याला मालाबरोबर माहितीही पाठवावी लागते. ती मराठीत विचारून, इंग्रजीत मांडून, खरी ठेवणारी माणसं फार थोडी आहेत. इथे जागा रिकाम्या आहेत.

शिकायचं काय? ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलमधले स्कोप एक, दोन, तीन: आपल्या बॉयलरचा धूर, विकत घेतलेली वीज, आणि पुरवठादारांपासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंतचं बाकी सगळं. स्वतःच केलेल्या दाव्यांसाठीचं आयएसओ १४०२१ हे मानक. सेबीने २०२२-२३ पासून आघाडीच्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीचा केलेला बीआरएसआर, म्हणजे व्यावसायिक जबाबदारी आणि शाश्वततेचा, अहवाल. मुलाखतीला जाण्याआधी त्या कंपनीचा हा अहवाल वाचा, समोरच्या माणसाने तो वाचलेला नसण्याची शक्यता बरीच आहे. यातलं काहीही महागडा कोर्स न करता शिकता येतं. महागडे कोर्स विकणाऱ्यांची पोस्टर मी बघतो, त्यांच्यावरही कोंबच असतो.

'सस्टेनेबिलिटी मार्केटिंग' असं पद मात्र शोधू नका. असलंच तर ते मुंबई-बंगळुरूच्या मोजक्या बड्या कंपन्यांत असतं आणि तिथे आतलाच माणूस बसतो. सुरुवात साध्या विक्रीतून करा: रंग, साबण, मोटारी, छतावरचे सोलर पॅनेल. पगार पहिली काही वर्षं इतर सेल्सवाल्यांइतकाच मिळेल, कधी कमीही. सोलरवाल्यांकडे सध्या माणसं हवीच आहेत. 'पीएम सूर्यघर'मध्ये तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान असूनही गच्चीला भोक पडून गळेल का, पापड कुठे वाळवायचे आणि नेट मीटर कधी बसेल, या तीन प्रश्नांशी विक्री अडते. कंपनीत शिरलात की खरेदी विभागाशी ओळख वाढवा. रिसायकल प्लास्टिक दाण्याचा आजचा भाव नव्या दाण्यापेक्षा कमी आहे की जास्त, हे त्या टेबलावर कळतं, आणि पुढच्या वर्षी डब्यावर काय छापलं जाईल ते तिथेच ठरतं.