मला त्यांची मान दाखवा

कोविडची दुसरी लाट ओसरली आणि आमचा ऑनलाइन वर्ग बंद झाला, याचा राग अजून गेलेला नाही.

एप्रिल-मे 2021. हातकणंगले तालुक्यातल्या एका कोविड सेंटरवर मी साधा एमबीबीएस. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय तासाभरावर, पण खाट मिळेलच असं नाही. मग आधार फोनवरच्या सल्ल्याचा. 2018 साली रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने फोनवरून उपचार सांगणाऱ्या डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हापासून फोनवर औषध सांगायला सगळेच बिचकायचे. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची नियमावली आली आणि वाट मोकळी झाली. मुंबईच्या एक भूलतज्ज्ञ मॅडम संध्याकाळी व्हिडिओवरून आम्हाला अतिदक्षता शिकवू लागल्या. मला आधी वैतागच आला. इथे सिलिंडर संपत आलेत आणि या स्लाइड दाखवणार!

एका संध्याकाळी स्लाइड बाजूलाच राहिल्या. पन्नाशीचे एक यंत्रमाग कामगार, सगळे त्यांना मामा म्हणायचे. 15 लिटर ऑक्सिजन चालू, तरी सॅच्युरेशन 86. मी मोबाइल मॉनिटरसमोर धरला. मॅडम म्हणाल्या, "मॉनिटर नको, मला त्यांची मान दाखवा."

श्वासागणिक मानेचे स्नायू दोरीसारखे ताणत होते. "आता एका दमात आकडे म्हणायला सांगा." मामांचा दम सातावर संपला. मग पालथं झोपवायचं. मामांचं पोट सुटलेलं, ते तयार होईनात. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मोकळं, मान एका बाजूला. त्या सांगत होत्या, सिस्टर आणि मी करत होतो. मध्येच रेंज गेली. परत आली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "आता किती मोजतात?" अर्ध्या तासाने सॅच्युरेशन 91, आकडे अकरापर्यंत. मामांचा मुलगा बाहेर रेमडेसिवीरसाठी वणवण करत होता. मॅडमनी त्याला फोनवर घेऊन शांत केलं. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत जीव वाचवणारं ठरलेलं स्वस्तातलं डेक्सामेथासोन, 6 मिलिग्रॅम, मामांना चालूच होतं. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा नाही, हेही त्याच चाचणीने सांगितलं होतं. तरी पहिल्या तापापासून ते देणारे कमी नव्हते.

मामा चालत घरी गेले.

आणि लाट ओसरल्यावर वर्ग चालू ठेवण्याबद्दल वर विचारलं, तर उत्तर आलं, "आता कशाला?" कशाला म्हणजे? उसात मण्यार चावलेला माणूस येतो. पापण्या मिटायला लागतात, मान उचलत नाही, आणि श्वास किती टिकेल हे त्याच एका दमातल्या आकड्यांवरून जोखावं लागतं. फवारणीचं औषध प्यायलेली पोरं येतात. ॲट्रोपीन किती आणि कुठवर द्यायचं, हे रात्री दोन वाजता कुणाला विचारायचं? स्क्रीनवरून घशात नळी घालता येत नाही, हे मला कबूल आहे. ते हातानेच शिकावं लागतं, त्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरला महिनाभर मोठ्या आयसीयूत पाठवायला हवं. पण कधी घालायची, हे मला स्क्रीननेच शिकवलं. मॅडम आजही माझा फोन उचलतात. त्या भल्या आहेत म्हणून. तालुक्याचा जीव कुणाच्या भलेपणावर का अवलंबून ठेवायचा?