समासातली चित्रे

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आमच्या चित्रकलेच्या मास्तरांच्या गौरवार्थ वाळपईत जे प्रदर्शन भरले, त्यात त्यांच्या चित्रांबरोबर माजी विद्यार्थ्यांचीही चित्रे मांडावयाची असे ठरले, तेव्हा चित्रांखालच्या पट्ट्या लिहिण्याचे काम मजकडे आले. मी चित्रकार झालो नाही. मामलेदार कचेरीत दाखले, उतारे आणि नोटिसा लिहिण्यात माझी हयात गेली. परंतु अव्वल कारकुनाचे अक्षर वळणदार असावयाचेच, अशी मंडळींची श्रद्धा, आणि ते वळण मुळात मास्तरांनीच लावलेले असल्याने मला नकार देता येईना.

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्यानंतर जे तरुण शिक्षणासाठी मुंबईस गेले त्यांत मास्तर होते. पणजीस कला महाविद्यालय निघाले ते 1972 साली. तोवर गोमंतकीय चित्रकाराच्या नशिबी मुंबईची वाट ठरलेली. सांग्यास जन्मलेले आंतोनियो शाविएर त्रिंदाद त्याच वाटेने गेले आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तेथेच शिक्षक झाले. पुढे मडगावच्या दीनानाथ दलालांनी आणि लक्ष्मण पैंनीही तीच वाट धरली. या शाळेत शंकर पळशीकरांच्या वर्गात बसलेला मनुष्य सत्तरी महालासारख्या रानमुलखात परत येऊन मुलांच्या पेन्सिली तासत का बसला, हे आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही.

वर्गात चित्रांची पुस्तके नव्हती. दलालांनी रंगवलेली ‘दीपावली’ अंकांची मुखपृष्ठे मास्तर फळ्याच्या कडेला टाचणीने लावीत आणि रंग कोठे थांबवला आहे तेवढेच दाखवीत. वस्तुचित्रासाठी अन्य शाळांतून तांब्या, पेला आणि वांगे मांडण्याचा शिरस्ता होता; आमच्यापुढे चवथीच्या दिवसांत गणपतीवर टांगावयाच्या माटोळीचे सगळे रान येई: कांगले, कवंडळ, आंबाड्यांचा घोस, देठासकट ओल्या सुपारीचा घड. “पळय, मागीर काड,” एवढाच उपदेश. आणि एक सक्त ताकीद: कागदाच्या उजव्या बाजूस दोन बोटे समास कोरा ठेवावयाचा. मास्तर बाकाशी येऊन उकिडवे बसत, आमच्या आकृतीकडे बराच वेळ पाहत आणि तांब्याचा गळा कोठे चुकला किंवा फळाची सावली देठापाशी का तुटली, ते त्या समासात इवल्याशा आकाराने काढून दाखवीत. आमच्या रेषेवर त्यांची रेषा कधी पडली नाही. एकदा तपासणीस आलेल्या साहेबांनी ‘समास अस्वच्छ’ असा शेरा मारला. मास्तरांनी त्याखाली नम्रपणे सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून समास आणखी एक बोट वाढवला.

प्रदर्शनाच्या मांडणीत, माझ्या मते, एक ढोबळ चूक झाली होती. दर्शनी भिंतीवर झेंडूच्या माळांत मास्तरांची जलरंगातील निसर्गचित्रे, बाजूच्या भिंतींवर शिष्यांची कामे, आणि घरोघरच्या पेट्यांतून निघालेले, कसर लागलेले शाळकरी कागद मात्र कोपऱ्यातल्या एका मेजावर, कोणी पाहिले तर पाहिले अशा बेताने. वास्तविक मास्तरांची निसर्गचित्रे निर्दोष असली तरी थोडी भिडस्त आहेत. आभाळ सर्वत्र एकाच हाताने धुतलेले, झाडे रीतसर अंतरावर उभी. शिष्यांपैकी ज्या दोघांनी पुढे पणजीच्या महाविद्यालयात, लक्ष्मण पै तेथे प्राचार्य असताना, शिक्षण घेतले, त्यांचे धैर्य अधिक. त्यांतल्या बाईंनी म्हाऊस गावी झरमे नदीच्या पात्रातील कातळावर आदिमानवाने कोरलेले बैल आणि हरणे पाहून केलेली काळ्या शाईची रेखाटने मला सगळ्यांत आवडली. एका गृहस्थाने उत्सवी नाटकांचे पडदे रंगवण्यात आयुष्य काढले; त्याने आपला राजवाड्याचा पडदाच आणून टांगला होता, आणि त्यामुळे सभागृहाची एक खिडकी झाकली गेली म्हणून व्यवस्थापकांत थोडी कुरबूरही झाली.

परंतु दुपारपर्यंत गर्दी लोटली ती कोपऱ्यातल्या मेजापाशी. सत्तरीतल्याच नगरगाव, केरी, ठाणे येथून आलेले पन्नाशी-साठीतले लोक ते कागद चष्मा सरकवून पाहत होते. मीही पाहिले. मुलांनी काढलेल्या वेड्यावाकड्या कवंडळाशेजारी, टपाल तिकिटाएवढ्या जागेत, पेन्सिलीच्या चारसहा फटकाऱ्यांत, जे कवंडळ उभे होते त्यात फळाचे वजन होते. दर्शनी भिंतीवरच्या हाताला जी मोकळीक कधी मिळाली नव्हती ती येथे पानोपानी होती. माझाही एक कागद त्यांत निघाला. त्यावरील तांब्याविषयी न बोललेले बरे, समासातला मात्र पाणी भरून ठेवावा असा.

मास्तर आले चार वाजता, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. वय 85 च्या पुढे, पण नजर शाबूत. सत्कार, श्रीफळ, शाल हे सर्व यथासांग झाले. प्रमुख पाहुण्यांचे भाषण लांबले. ते आटोपल्यावर मास्तर दर्शनी भिंतीपाशी गेले आणि ‘म्हादई’ या चित्रापुढे थांबून माझ्याकडे वळले. “हें उदक म्हजें न्हय,” ते म्हणाले.

क्षणभर कोणास काही उमगेना. चित्र त्यांच्याच घरून आणलेले, कोपऱ्यात सही त्यांची. त्यांनी मग सांगितले की, ते चित्र अर्धवट सोडले असता वर्गातल्या एका मुलाने नदीचे पाणी ज्या रीतीने सुचवले ते त्यांच्या कल्पनेपेक्षा चांगले होते, म्हणून त्यांनी ब्रश त्याच्याच हाती दिला होता. तो मुलगा, म्हणजे आता केसांत पांढरे आलेला आणि गणपतीची चित्रशाळा चालवणारा गृहस्थ, मागे दारापाशी उभा होता. आपल्या चित्रावर कधी मास्तरांचा हात चालला नाही, एवढे आम्हा सर्वांस ठाऊक होते. मास्तरांच्या चित्रावर कोणाचा हात चालला असेल, ही शंका कोणास आली नव्हती. “तुमीच सांगिल्लें, मास्तर,” तो पुटपुटला, जणू काही त्याच्याकडून जबाबच मागितला होता.

मास्तरांचा हुकूम स्पष्ट होता: पट्टी बदलावी. चिटणीसांनी हळूच कुरकुर केली की छापील पत्रिकेत एकच नाव गेले आहे, पाहुणे अद्याप बसलेले आहेत, हे उद्या करता येईल. मास्तर भिंतीपासून हलेनात. तेव्हा मी जुनी पट्टी काढली, कोरी पट्टी घेतली आणि तिच्यावर दोन्ही नावे सारख्याच आकाराच्या अक्षरांत लिहिली. चित्रशाळेच्या मालकाने तेवढ्यात आपले आडनाव हल्ली कसे लिहितात ते कानाशी येऊन सांगितले. पत्रिकेतली दुरुस्ती मात्र राहून गेली.