बिंदुसरा सांडली की पालीला

पावसाळा चांगला झाला की बीडमध्ये एकच विषय असायचा: बिंदुसरा भरली का? पालीजवळचं हे धरण बीडला पाणी देणारं. सांडव्यावरून पाणी पडू लागलं, की सगळं शहर मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागायचं. आम्ही चुलत-आत्येभावंडं, काका-काकू, आई आणि आज्जी संध्याकाळी पालीला जायचो. रात्रीचं जेवण तिथंच, रस्त्याकडेच्या हॉटेलात आणि गाड्यांवर व्हायचं.

आधी भाजलेली कणसं, मीठ-तिखट आणि लिंबू लावून. मग कढईतून थेट कागदावर आलेली कांद्याची आणि मिरचीची भजी. मोठी माणसं सुशीला मागवायची. भिजवून पिळलेले चुरमुरे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वर डाळव्याचं कूट आणि कोथिंबीर. मराठवाड्याबाहेरच्या पाहुण्यांना ती पोह्यांसारखी वाटायची. आम्हाला मात्र पोह्यांपेक्षा सुशीलाच आवडायची. शेवटी ज्वारीची गरम भाकरी, झणझणीत शेवभाजी आणि ठेचा.

आज्जी पानात काही टाकू द्यायची नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाऊन काढलेले दिवस तिच्या अंगात मुरले होते. धरण दरवर्षी भरत नसे, म्हणून ही भजीही दरवर्षी मिळत नसत. आमच्यासाठी त्यांची चव म्हणजे चांगल्या पावसाची चव.

पण आज आठवतं ते वेगळंच. घरी आई आणि काकू सगळ्यांना वाढून, उरलेल्यात भागवून शेवटी जेवायच्या. त्यांच्या वाट्याची भाकरी बहुतेक वेळा गारच असायची. पालीला मात्र त्या आमच्यासोबत बाकावर बसायच्या. कुणीतरी त्यांना गरम भाकरी आणून वाढायचं, "अजून देऊ का, ताई?" म्हणून विचारायचं. काकू हसून आणखी एक घ्यायची. घरी तिनं स्वतःहून दुसरी भाकरी मागितलेली आम्हाला आठवत नाही.

आता धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला आहे आणि गाड्या न थांबता निघून जातात. तरी धरण भरलं की पालीला जरूर जा, आणि घरात रोज चुलीपाशी उभ्या असणाऱ्या बाईला सोबत न्या. पहिली गरम भाकरी तिच्या ताटात वाढायला सांगा. आणि पाऊस पडो न पडो, घरीही तसंच करा.