बंद दार आणि दाराबाहेरचा प्रेक्षक

एकाच खोलीत घडणाऱ्या, घटनांपेक्षा संवादांवर उभ्या असलेल्या आणि रहस्याची उकल सावकाश करणाऱ्या चित्रपटाविषयी प्रेक्षक जे बोलतात, त्याचे स्वरूप बव्हंशी ठरलेले असते. ‘काही घडतच नाही’, ‘नुसते बोलत बसतात’, ‘हे तर नाटकच झाले’ असे एका बाजूचे म्हणणे. ‘जागचे हलता आले नाही’ असे दुसऱ्या बाजूचे. समीक्षक या दोन अभिप्रायांची वाटणी अभिरुचीच्या नावाने करतो आणि पुढे, फारसा विचार न करता, भूगोलाच्या नावानेही करतो. पहिला अभिप्राय गावाकडचा, दुसरा शहरातल्या रसिकाचा. नंदुरबार तालुक्यातील रनाळ्यासारख्या गावच्या प्रेक्षकाला गती हवी, गाणी हवीत, मारामारी हवी, हे गृहीतक इतके रुळलेले आहे की ते तपासण्याची गरजही कोणास वाटत नाही.

वस्तुतः या प्रकाराची परंपरा आपल्याकडे तुटपुंजी नाही. यश चोप्रा यांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) हा एका रात्रीचा, मुख्यतः एका घरातला, एकही गाणे नसलेला चित्रपट गुजराती रंगभूमीवरील ‘धुम्मस’ या नाटकावरून आला. बासू चटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) बारा पंचांना एका खोलीत बसवतो. त्याचे मूळ सिडनी ल्युमेट यांच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मध्ये आहे. भारतातील पंचपद्धती नानावटी खटल्यानंतर मावळत गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. म्हणजे ज्या संस्थेवर हे कथानक उभे आहे, ती संस्थाच प्रेक्षकाच्या अनुभवात नव्हती. तरीही त्या खोलीतला ताण त्याला परका वाटत नाही. कारण चारचौघांनी एकत्र बसून एखाद्या गैरहजर माणसाचे भवितव्य ठरवणे, हा व्यवहार त्याच्या पूर्ण परिचयाचा असतो.

मराठीत या प्रकाराच्या सर्वांत निकट जाणारी कृती म्हणजे विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये चित्रपट केला. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते, तर रंगमंचावर बेणारेबाई साकारणाऱ्या सुलभा देशपांडे चित्रपटातही त्याच भूमिकेत होत्या. रूढ अर्थाने ही रहस्यकथा नव्हे. परंतु रहस्यकथेची सारी यंत्रणा तीत आहे. बंद खोली आहे, संशयित आहे, साक्षी आहेत, टप्प्याटप्प्याने उघड होणारे एक गुपित आहे. फरक इतकाच, की येथे गुन्हेगार शोधला जात नाही. तो नेमला जातो.

या कृतीचे घटनास्थळ एका खेड्यातील सभागृह आहे, याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. शहरातली हौशी मंडळी रात्रीच्या प्रयोगासाठी तेथे येतात आणि वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात. गावचा एकच माणूस त्यांच्यात आहे : सामंत. तो साधा आहे, कुतूहलाने पाहणारा आहे; या खटल्याचा पहिला प्रेक्षकच तो. त्याला साक्षीदार केले जाते, तेव्हा तो हाती असलेल्या कादंबरीतला मजकूर सांगत सुटतो आणि ती कल्पित साक्ष बेणारेबाईंच्या विरुद्ध खऱ्या पुराव्यासारखी उभी राहते. दार बाहेरून अडकलेले आहे. नाटकाच्या अखेरीस ते उघडते, तेव्हा प्रयोग सुरू झाला का, हे पाहायला आलेले गावकरी आत डोकावतात. आतला खरा प्रयोग तोवर संपलेला असतो.

म्हणजे ज्या प्रेक्षकाला ‘हे झेपणार नाही’ असे समीक्षक म्हणतो, तो प्रेक्षक या कृतीत दाराबाहेर ठेवलेला आहे. त्याला आत घेतले असते तर त्याने काय पाहिले असते? रनाळ्याच्या प्रौढ प्रेक्षकाच्या ठायी बोलणे ऐकत एका जागी बसण्याची सवय कमी नाही. कीर्तनात, तमाशाच्या वगात, भाऊबंदकीच्या वाटणीच्या बैठकीत, सोयरिकीच्या बोलणीत आणि पंचांसमोर त्याने रात्री काढलेल्या असतात. तेथे शब्द हाच प्रसंग असतो. एका वाक्याने शेताचा बांध सरकतो, एका वाक्याने लेकीचे माहेर तुटते. जातपंचायतींच्या अशाच बोलण्याने माणसे वाळीत पडत होती, म्हणून महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा श्रोत्याला ‘नुसते बोलणे’ म्हणजे ‘काही न घडणे’ असे कसे वाटेल?

तरीही तो ‘संथ’ म्हणतो, हे खरेच आहे. आणि तो अभिप्राय अडाणीपणाचा म्हणून बाजूस सारता येणार नाही. ‘संथ’ हे कालमापनाचे विशेषण नव्हे. ज्या बोलण्यात कोणाचे काही पणाला लागलेले दिसत नाही, ते बोलणे संथ वाटते. याचे कारण दोन ठिकाणी असू शकते. एक तर कृतीतच : कित्येक चित्रपटांत पात्रे एकमेकांशी बोलत नाहीत, प्रेक्षकाला माहिती पुरवतात. खर्च वाचावा म्हणून कथा एका खोलीत कोंडली जाते आणि त्या काटकसरीलाच शैली म्हटले जाते. ल्युमेट यांनी आपल्या चित्रपटात कॅमेरा क्रमाक्रमाने खाली आणला, भिंगे अधिकाधिक लांब पल्ल्याची वापरली. त्यामुळे भिंती जवळ येत गेल्याचा भास होतो. तेथे जागा बदलत नसली तरी जागेचा अर्थ बदलत राहतो. जेथे तो बदलत नाही, तेथे कंटाळा हाच प्रामाणिक अभिप्राय होय.

दुसरे कारण मात्र प्रेक्षकाच्या स्थानात असते. बेणारेबाईंचे अखेरचे स्वगत लांबते, असे म्हणणारे आजही भेटतात. खटला चाललेला असताना सुखात्मे, काशीकर, पोंक्षे, कर्णिक कितीही बोलले तरी ते लांबल्याची तक्रार सहसा कोणी करीत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातील बाई बोलू लागली की घड्याळ आठवते. पंचायतीच्या बैठकीत पुरुषांच्या मागे, भिंतीआड उभे राहून ऐकणाऱ्या बाईला तेच स्वगत लांब वाटेल काय? गतीविषयीचा अभिप्राय हा पुष्कळदा बोलण्याच्या हक्काविषयीचा अभिप्राय असतो. जर्मन समीक्षक याउस यांनी वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजाची कल्पना मांडली. त्या क्षितिजाला लिंग, जात आणि बैठकीतील जागाही असते, एवढी भर तीत घालावयास हवी.

भरताच्या नाट्यशास्त्राने हा प्रश्न अधिक उदारपणे हाताळला आहे. सत्ताविसाव्या अध्यायात सिद्धीचा विचार येतो. स्मित, हास्य, वाहवा, रोमांच या मानुषी सिद्धीच्या खुणा. जेथे आवाज नाही, क्षोभ नाही आणि प्रेक्षागृह भरलेले आहे, ती दैवी सिद्धी. त्याच अध्यायात तरुणांना, शूरांना, वृद्धांना वेगवेगळ्या गोष्टींनी संतोष होतो, हेही मान्य केले आहे. भरत प्रेक्षकांचे अभिप्राय एका रांगेत लावत नाही. त्यांचे प्रकार पाहतो. टाळी पडली नाही म्हणजे प्रयोग फसला, असा निष्कर्ष त्याच्या विवेचनातून निघत नाही.

मात्र निःशब्दतेचेही प्रकार असतात आणि संवादप्रधान रहस्यपटाची परीक्षा तेथेच होते. तेंडुलकरांच्या शीर्षकातली शांतता ही हुकुमाची शांतता आहे. ती एका बाईचे तोंड बंद करण्यासाठी पुकारली जाते. भरताला अभिप्रेत असलेली शांतता ऐकणाऱ्याच्या मनातून येते. शहरातल्या प्रेक्षागृहात प्रतिष्ठेच्या धाकाने पाळलेली शांतता पहिल्या जातीची असू शकते आणि गावात ‘काय लावलंय हे’ म्हणत उठून गेलेल्या माणसाची नापसंती तिच्याहून अधिक सजग असू शकते. प्रेक्षकाचे मत नोंदवताना तो किती वेळ गप्प बसला, हे मोजून भागणार नाही. तो कोणाचे बोलणे ऐकण्यासाठी गप्प बसला, हे विचारावयास हवे. आणि त्याआधी, दार उघडून त्याला आत घ्यावयास हवे.