हाताने जुळवलेला पिस्टन

शर्यतीच्या छोट्या मोटारींसाठी घरच्या लेथवर इंजिनाचे भाग कातायचे आणि पिस्टन व सिलिंडर हातानेच एकमेकांशी जुळवायचे, ही विद्या आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. अमुक दिवशी ती गेली असे सांगता येत नाही. जाणकार वृद्ध झाले, शिकणारे कमी झाले, आणि एके काळी गावोगावच्या शेडमध्ये नांदणारी ही विद्या मोजक्या घरांपुरती उरली. तिने कुणाची पोटापाण्याची अडचण दूर केली नाही की कुठले राष्ट्र उभारले नाही. पण दोन पिढ्यांतल्या हजारो साध्या माणसांना तिने धातू कसा वागतो ते शिकवले. त्या उपकाराची नोंद कुठे तरी व्हायला हवी.

ज्या मोटारींसाठी ती उभी राहिली त्यांचा जन्म अमेरिकेतला, 1930 च्या दशकातला. 1934 साली फिलाडेल्फियाच्या बिल ब्राऊन या तरुणाचे ‘ब्राऊन ज्युनियर’ नावाचे सुमारे 10 सीसीचे पेट्रोल इंजिन बाजारात आले. ते होते विमानांच्या प्रतिकृतींसाठी. दशक संपायच्या आत कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी तसली इंजिने हातभर लांबीच्या मोटारींत बसवली. या मोटारींना चालक नव्हता आणि स्टिअरिंगही नव्हते. सिमेंटच्या गोल धावपट्टीच्या मधोमध एक खांब, खांबाला पोलादी तार आणि तारेच्या टोकाला मोटार. अमेरिकेतल्या नेहमीच्या धावपट्टीचा व्यास 70 फूट असे; 24 फेऱ्या झाल्या की एक मैल भरे. युरोपने पुढे 8 फेऱ्यांत 500 मीटर होतील असे माप ठरवले. एक माणूस लांब काठीने मोटार ढकलत धावे, इंजिन सुरू झाले की काठी सोडवून घेऊन बाजूला होई. 1940 चे दशक सरेपर्यंत या मोटारी ताशी 100 मैलांच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या डूलिंग बंधूंची आणि मॅकॉय यांची इंजिने तेव्हा या खेळातली मानाची नावे होती.

मात्र ज्या हातांविषयी मला अधिक आदर वाटतो ते इंग्लंडमधले. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते, सगळ्याच गोष्टींची टंचाई होती, अमेरिकन इंजिन मागवणे परवडणारे नव्हते. तेव्हा तिथल्या माणसांनी इंजिन घरीच करायचे ठरवले. त्यांच्या पाठीशी ‘मॉडेल इंजिनियर’ हे 1898 पासून निघणारे मासिक होते. एडगर वेस्टबरी यांच्यासारखे लेखक त्यात छोट्या इंजिनांची संपूर्ण रेखाटने देत आणि कोणता भाग आधी कातायचा, कोणता नंतर, हे समोर बसून सांगावे इतक्या आस्थेने लिहीत. 1946 मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन गावातल्या मायफोर्ड कारखान्याने ‘एमएल 7’ हा लेथ आणला. घराच्या शेडमध्ये मावेल एवढा लहान, तरी पोलाद कातताना न थरथरणारा. गिरणीत, रेल्वेत किंवा कचेरीत दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी त्याच्यासमोर उभा राही.

त्याच्या हातचे काम जरा जवळून पाहिले पाहिजे. सिलिंडरचा व्यास 14 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 16 मिलिमीटर घेतली की अडीच सीसीच्या आसपासचे इंजिन होते. म्हणजे पिस्टन अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान. तो ओतीव लोखंडाच्या गजातून निघे. गज चकमध्ये धरून आधी आतली पोकळी कोरायची, बाहेरचा व्यास एखादा हजारांश इंच जास्तच ठेवायचा, गजन पिनचे आडवे भोक पाडायचे, आणि सगळे मनासारखे झाल्यावरच पिस्टन गजापासून छाटायचा. क्रँकशाफ्ट एकाच भरीव पोलादी तुकड्यातून काढायची. तिची पिन केंद्रापासून सरकलेली, म्हणून तुकडा मुद्दाम मध्यापासून सरकवून धरून ती कातावी लागे. कनेक्टिंग रॉड ड्युरॅल्युमिनचा. सिलिंडरची लायनर पोलादाची. तिच्यात हवेच्या आणि धुराच्या खिडक्या कापून झाल्या की ती तापवून कडक करायची. कडक होताना पोलाद हलके वेडेवाकडे होतेच. आतापर्यंतचे काम लेथने केले, आता उरलेले हाताने.

त्याला लॅपिंग म्हणतात. तांब्याची किंवा पितळेची, उभी चीर दिलेली नळी घ्यायची, तिला कार्बोरंडमची बारीक पेस्ट लावायची, लेथवर ती संथ फिरू द्यायची आणि हातात धरलेली लायनर तिच्यावरून पुढेमागे न्यायची. पेस्टचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि कडक धातूला घासतात. सहाणेवर चंदन उगाळावे तसे हे काम: जोर केला की बिघडते, थांबत-थांबत केले की उतरते. कुठे लायनर अडते, कुठे सैल जाते, हे हाताला कळे आणि हात तिथेच रेंगाळे. वरच्या टोकाला मुद्दाम कमी घासायचे, म्हणजे वरचा भाग केसभर अरुंद राहतो. इंजिन तापले की वरचा भागच जास्त फुगतो, आणि मग सिलिंडर सरळ होतो. मधूनमधून सारे रॉकेलने धुऊन निवू द्यायचे, कारण घासल्याने आणि तळव्याच्या उबेनेही धातू फुगतो आणि खोटे माप दाखवतो. घाई करणाऱ्याला या विद्येने कधी जवळ केले नाही.

मग परीक्षा. स्वच्छ धुतलेल्या पिस्टनला तेलाचे बोट लावून तो खालून आत सोडायचा. खाली तो आपल्या वजनाने सरकला पाहिजे आणि वर जाता-जाता जड व्हायला पाहिजे. वरचे तोंड अंगठ्याने बंद करून पिस्टन ढकलला की आत कोंडलेल्या हवेने तो परत उसळला पाहिजे. या शेवटच्या टप्प्याला मायक्रोमीटर पुरत नसे. वेस्टबरींच्या रेखाटनातही त्यासाठी आकडा लिहून भागत नसे. जुळेपर्यंत लॅप करा, एवढेच सांगता येई. पुढचे ज्याने-त्याने आपल्या बोटांना विचारायचे.

एवढी चिकाटी कशासाठी, याचे उत्तर या इंजिनांच्या पोटात आहे. युद्धकाळात स्वित्झर्लंडमध्ये ‘डायनो’ नावाचे छोटे डिझेल इंजिन आले आणि युरोपभर त्या वाटेची इंजिने होऊ लागली. त्यांना ठिणगी लागत नाही, बॅटरी लागत नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण निव्वळ दाबाने पेटते. एवढ्याशा पिस्टनला रिंगा नसतात. तो दाब धरून ठेवतो फक्त तेलाचा पापुद्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नीट घासलेला धातू. जुळणी जरा सैल झाली की इंजिन सुरूच होत नाही, आणि जरा घट्ट झाली की अडकून बसते.

नॉटिंगहॅमचे ऑलिव्हर पितापुत्र या विद्येचे थोर उपासक. त्यांची सुरुवात विमानांनी नव्हे, छोट्या शर्यतीच्या मोटारींनी झाली. त्यांच्या एका इंजिनात क्रँकशाफ्ट दोन्ही बाजूंनी बाहेर येई आणि चाके थेट तिच्यावरच बसत, मध्ये गिअर नाही की काही नाही. त्या मोटारींच्या अनुभवातूनच अडीच सीसीचे ‘ऑलिव्हर टायगर’ घडले. 1950 च्या दशकात विमानांच्या शर्यती खेळणाऱ्यांनीही ते डोक्यावर घेतले. ही इंजिने कारखान्याच्या पट्ट्यावर तयार होत नसत. एकेक जोडी हाताने जुळवलेली असे आणि गिऱ्हाईक आपला नंबर येईपर्यंत थांबे. थांबण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

आपल्याकडच्या डिझेल मेकॅनिकला यातले काहीच परके वाटणार नाही. फ्युएल पंपाचा प्लंजर आणि त्याचे बॅरल, नोझलची सुई आणि तिची बॉडी, या जोड्या अशाच एकमेकांसाठी घासलेल्या असतात. एकाची सुई दुसऱ्याच्या बॉडीत घालू नये, हे पोऱ्यालाही पहिल्या आठवड्यात सांगितले जाते. नाशिकच्या कारखान्यात, ज्याला जुने लोक अजून मायकोच म्हणतात, डिझेलचे नोझल वर्षानुवर्षे होत आले आहेत. तिथे हे काम मोठ्या यंत्रांनी आणि मोठ्या संख्येने होते, इंग्लंडच्या शेडमध्ये एकटा माणूस करी; पण दोन्हींचे कूळ एकच.

काळ बदलला तो हळूहळू, आणि बहुतेक चांगल्याच गोष्टींनी. 1947 मध्ये रे आर्डन यांचा ग्लो प्लग आला आणि ठिणगीसाठीचे कॉइल-बॅटरीचे ओझे गेले. पुढे पितळी लायनरवर क्रोमियमचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियमचा पिस्टन, अशी जोडी आली. दोन्ही धातू तापून साधारण सारखेच फुगतात, त्यामुळे ती जोडी जास्त वेग सोसते आणि जास्त टिकते. रेडिओने चालवायच्या मोटारी आल्या आणि मुलांना मोटार हवी तिकडे वळवण्याचा आनंद मिळाला, जो तारेला बांधलेली मोटार कधीच देऊ शकली नसती. संगणकावर चालणारे लेथ आले, बॅटरीच्या मोटारी आल्या. 2011 मध्ये बीस्टनचा मायफोर्ड कारखाना बंद झाला. तारेच्या मोटारी आजही युरोपात मोजक्या धावपट्ट्यांवर पळतात, ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे, आणि त्या पळवणाऱ्यांचे कसब थोर आहे. परंतु शाळामास्तर, टपाल कारकून, गिरणी कामगार यांनी सुटीच्या दिवशी ओतीव लोखंडाचा तुकडा हाती घेऊन शर्यतीला जायचे, हे मागे पडले.

त्या माणसांपैकी बहुतेकांची नावे कुठे छापली गेली नाहीत. इंजिनावर निर्मात्याचे नाव नसे, फार तर आतल्या बाजूला एखादे आद्याक्षर कोरलेले. त्यांची इंजिने मात्र अजून आहेत. एखाद्या आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत, कापडात गुंडाळलेली. कुणाला असे इंजिन मिळाले आणि ते फिरत नसेल, तर ते बिघडले आहे असे समजू नये. आतले एरंडेल वर्षानुवर्षे सुकून सरसासारखे घट्ट झालेले असते. पक्कड लावू नये, हातोडी तर मुळीच नको. इंजिन सौम्य आचेवर तापवावे, बारीक तेलाचे थेंब सोडावेत आणि क्रँकशाफ्ट बोटांनी थोडी-थोडी मागेपुढे हलवत राहावी. एरंडेल मऊ होते आणि पिस्टन सुटतो. तो त्या लायनरसाठीच घासलेला आहे, तिच्याबाहेर काढून दुसऱ्या कशात बसवू नये.