मांगराची खिडकी

डिसेंबरपासून माझे बहुतेक वीकएंड गायब आहेत. ऑफिसमधल्यांना वाटतं मी ट्रेकला जातो. एकाची तर खात्री आहे की लग्नाचं जमवाजमवीचं काहीतरी चाललंय. तसलं काही नाही हो. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट करत पहाटे कुडाळजवळच्या आमच्या गावी पोचायचं, दोन दिवस चिरे-सिमेंटात लोळायचं आणि सोमवारी नखांत लाल माती घेऊन मीटिंगला बसायचं. आम्ही मांगर बांधतोय. म्हणजे बांधलेला होताच, तो राहण्याजोगा करतोय.

ज्यांना मांगर माहीत नाही त्यांच्यासाठी : कोकणात मूळ घर वाडीत असतं आणि मांगर बागेत किंवा शेतावर. त्यात गवत, नांगर, जळाऊ लाकडं ठेवायची, काजूच्या दिवसांत बिया ठेवायच्या आणि राखणीला कुणीतरी झोपायचं. आमचा मांगर आजोबांनी बांधला. सोळा बाय बावीस फूट, मातीत बसवलेले चिरे, वर मंगळुरी कौलं, एक दरवाजा. खिडकी एकही नाही. गवताला कशाला लागते खिडकी!

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा निम्मी कौलं उडाली आणि शेजारच्या फणसाची फांदी आढ्यावर पडली. मग काही वर्षं त्यावर निळी ताडपत्री. गेल्या वर्षी पप्पा रिटायर झाले. डोंबिवलीच्या घरात त्यांनी पंधरा दिवस टीव्ही बघितला आणि सोळाव्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "मांगर नीट करूया आणि थयच ऱ्हवया." मूळ घरात चुलत्यांची बिऱ्हाडं आहेत, तिथे कुणाला अडचण नको, वगैरे. "ऱ्हवया" हे अनेकवचन होतं. त्याच्याकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही. आई पोळ्या लाटत होती.

मी मात्र जाम खूश. फोनमध्ये फोल्डर केला, त्यात ठिकठिकाणच्या रिसॉर्टचे फोटो : चिऱ्याच्या उघड्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात कंदील, जात्यावर काच ठेवून केलेलं कॉफी टेबल. एकदम रस्टिक. आपल्याकडे तर ओरिजिनल माल आहे, मग नुसतं पॉलिश मारायचं, असा माझा हिशोब. साडेतीन लाखांचं एस्टिमेट काढलं. साडेपाच झाले. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही :)

भिंती ठणठणीत होत्या. चिरा म्हणजे जांभा दगड. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना दगड इतका मऊ असतो की हत्याराने तासून विटेसारखा आकार देता येतो, आणि उन्हावाऱ्यात राहिला की कडक होत जातो. आजोबांच्या चिऱ्यांना काही झालं नव्हतं, फक्त सांध्यातली माती पावसाने धुपली होती. बाहेरून सांध्यांत सिमेंटचा दर्जा भरून घेतला की काम झालं.

छपराने मात्र घाम काढला. वासे आयनाचे, त्यातल्या सहांना वाळवी लागलेली. ते बदलले आणि सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायचं ठरलं. काळंकुट्ट, उग्र वासाचं, पण वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. मेस्त्री म्हणाले, "हातात पिशये घाल." मी म्हटलं ब्रश आहे की. संध्याकाळपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत फोड. त्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं आणि ते कातडी भाजतं, हे मी रात्री खोबरेल चोपडत फोनवर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. पुढचा आठवडा एका हाताने टाइप केलं.

मग कौलं. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं लागतात. छप्पर सहाशे फुटांच्या आसपास, म्हणजे नऊशे. जुनी धड असलेली साडेचारशेहून थोडी जास्त निघाली. मी बाकीची नवीन मागवली आणि मिसळून लावायला सांगितली, तेवढीच जुन्या-नव्याची छान नक्षी. मेस्त्रींनी एक जुनं आणि एक नवीन कौल उचललं, एकावर एक ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. बसतच नव्हती. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला, त्यानंतर किनारपट्टीवर कितीतरी कारखाने निघाले, आणि प्रत्येकाच्या कौलाची खाच, कड, लांबी थोडीथोडी वेगळी. कौलाच्या पोटावर कंपनीचा छाप असतो तो उगाच नाही. रिपा मी आधीच इंटरनेटवरच्या मापाने मारून घेतल्या होत्या.

"इंजिनेर मां तू?" मेस्त्री म्हणाले. "कौला बघून रीप मारूची. रीप मारून मगे कौला शोधूची नाय."

शेवटी एका बाजूच्या उताराच्या रिपा उपटून पुन्हा मारल्या. मागच्या उतारावर सगळी जुनी, पुढच्यावर सगळी नवीन. आढ्यावर दोघांची गाठ पडते, तिथे कोने चुन्या-सिमेंटात बसवले. लांबून बघितलं तर मांगराने अर्धी टोपी रंगवल्यासारखं दिसतं. असो.

आता जमीन. इथून खरी गोष्ट सुरू होते.

फेब्रुवारीत मी डोंबिवलीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून आईला फोटो दाखवले. म्हटलं, जमीन आपण शेणाचीच ठेवूया, चोपून मस्त सपाट करू, उन्हाळ्यात काय गार लागते! आई सगळे फोटो नीट बघत होती. चष्मा लावून. शेवटचा फोटो झाला आणि तिने विचारलं,

"सारवतलो कोण ती?"

मी म्हटलं, बाई लावू ना कुणीतरी. ताई हसली. आई नाही हसली. घरात आई आमच्याशी साधं मराठी बोलते, मालवणी येतं ते फक्त चिडली की.

मग तिने जे सांगितलं ते मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं. पप्पा तेव्हा मुंबईत प्रेसमध्ये कामाला, चौघांत एक खोली. आई गावी. मूळ घरात काहीतरी बिनसलं (काय ते अजूनही कुणी सांगत नाही) आणि आई आजीबरोबर मांगरात राहायला गेली. १९९४ आणि १९९५ चे दोन्ही पावसाळे. ताई तेव्हा आठ महिन्यांची. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. शेणाची जमीन उन्हाळ्यात छानच असते, पण जुलैत ती वाळतच नाही. सारवली की ओली, नाही सारवली की पोपडे. पोरगी रांगायला लागलेली. तिला खाली ठेवायची सोय नाही म्हणून आई तिला पाठीला बांधून चुलीपुढे बसायची. आणि खिडकी नाही. ओल्या लाकडांचा धूर दरवाजातून जायचा, पण दरवाजा उघडा ठेवला तर पाऊस आत. रात्री बाहेर जायचं तर कंदील, छत्री आणि पायाखाली काय येईल ते.

"तुला गार लागते म्हणून हवी," आई म्हणाली. "मला दोन वर्षं गारच लागत होतं."

१९९६ ला पप्पांनी डोंबिवलीत खोली घेतली आणि आई ताईला घेऊन एसटीने मुंबईला आली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षं होती. बस घाटात लागली आणि ताई सगळी वाट ओकत होती, तरी आपल्याला एवढा आनंद कधी झाला नव्हता, असं तिने सांगितलं. "तुमचे पप्पा जाऊ देत. मी इथेच बरी. महिन्या-दोन महिन्यांनी येतील ते."

पप्पा तिथेच बसले होते. ते उठून गॅलरीत गेले आणि कपडे वाळलेत का ते बघत राहिले. कपडे आईने सकाळीच काढले होते.

म्हणजे बघा, मी तीन महिने काम करत होतो आणि ज्या बाईने त्या वास्तूत सगळ्यात जास्त दिवस काढलेत तिला एक प्रश्न विचारला नव्हता. ऑफिसात क्लायंटला न विचारता कुणी असं केलं असतं तर मी काय काय बोललो असतो.

पुढच्या दोन वीकएंडला काम बंदच होतं. मग एका शनिवारी डोंबिवलीला गेलो तर फ्रिजवर कालनिर्णयचं जानेवारीचं पान उलटं लावलेलं. त्यावर पेनाने काढलेला मांगर. वरून काढलेला, चौकोन बऱ्यापैकी सरळ. पूर्वेच्या भिंतीत खिडकी, तिच्यावर 'मोठी' असं लिहिलेलं. खिडकीखाली ओटा. न्हाणीघर आणि संडास घराला जोडून, दरवाजा आतून. खाली लाल कोबा. चूल बाहेर पडवीत, पाणी तापवायला, आणि तिच्यापुढे 'ह्यांची' असं लिहून बाण. ओट्याच्या वर छपरात दोन काचेची कौलं.

आईला मी विचारलं, म्हणजे तू येणार? ती म्हणाली, "कागद आहे तो. कागदाने काय होतं?"

खिडकी पाडणं सोपं काम नव्हतं. चिरे मातीतले, एक काढला की वरचे खाली येणार. मेस्त्रींनी दोन्ही बाजूंनी टेकू लावले, आधी वरची खाच करून त्यात सिमेंटची लिंटल बसवली, ती पक्की होईपर्यंत वाट बघितली आणि मग खालचे चिरे एकेक करून काढले. पप्पांना ते पटत नव्हतं. बोलले काही नाहीत, पण भिंत त्यांच्या वडिलांनी रचलेली, आणि खांद्यावरून चिरे वाहणाऱ्यांत दहा वर्षांचे पप्पा होते. चिरे काढायच्या दिवशी ते सकाळीच कुडाळला गेले. जेवायला आले नाहीत, फोन उचलला नाही. संध्याकाळी रिक्षातून उतरले ते हातात मच्छरजाळीची गुंडाळी घेऊन. "खिडकी म्हटली की जाळी लागतली," एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

कोबा घोटायला मी होतो. सिमेंटात लाल रंग मिसळून थर टाकतात, मग लोखंडी थापीने घोटत घोटत मागे सरकायचं. दिसायला सोपं आहे, पण माझ्या वाट्याच्या कोपऱ्यात अजून लाटा आहेत. मग आठवडाभर त्यावर पाणी धरून ठेवायचं. ते पप्पांनी केलं, दिवसातून तीनदा.

सामानाचं फार काही सांगण्यासारखं नाही. आजोबांची पेटी घासून ठेवली, एक खाट दोऱ्या बदलून घेतली, पंखा, दोन ट्यूब, लहान फ्रिज, गॅस. जात्याचं कॉफी टेबल झालं नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "त्यावर मी कुळीथ भरडलेत. कप कसले ठेवतोस?" जातं आता पडवीत आहे, जात्यासारखं.

मेच्या पहिल्या शनिवारी आई आली. तुतारीने, पप्पा स्टेशनवर घ्यायला गेलेले. पिशवीत दोन साड्या आणि रविवारचं परतीचं तिकीट. आत आल्यावर ती आधी खिडकीशी गेली, उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग ओट्याशी उभी राहिली. ओटा मी चौतीस इंचांचा केला होता, सगळीकडे असतो तसा. आईची उंची चार फूट दहा इंच. तिने पोळी लाटल्यासारखे हात करून दाखवले, खांदे कानाला लागत होते. मी कपाळावर हात मारला. म्हणजे पानावर सगळं होतं, फक्त उंची लिहायची राहिली होती, आणि मी पुन्हा विचारलं नव्हतं. मेस्त्रींनी त्याच दुपारी कडाप्पा उचलून वरचा थर काढला.

साडेदहा-अकराच्या सुमारास काचेच्या कौलांतून दोन चौकोन खाली कोब्यावर पडले. आई जरा वेळ बघत राहिली. मग वाडीतून काकीने पाठवलेली आमसुलं एका सुपात पसरून तिने ते सूप बरोबर त्या उजेडात ठेवलं, आणि दर अर्ध्या तासाने उजेड सरकला की पायाने सूप सरकवत होती. रात्री ती खाटेवर झोपली नाही. कोब्यावर चटई टाकून झोपली, खिडकीखाली.

रविवारी ठरल्याप्रमाणे ती गेली. आम्ही सगळे स्टेशनवर. गाडी लागली, ती चढली, खिडकीजवळ बसली आणि पप्पांना म्हणाली, "न्हाणीचो दरवाजो उलट्या बाजून लावून घेवा. उघडलो की ओट्याक लागता. पावसाआधी."

पप्पांनी गाडी सुटायच्या आत मेस्त्रींना फोन लावला. पुढच्या शनिवारी येतो म्हणाले. म्हणजे याही वीकएंडला मी पुण्यात नाही.