सातपुड्यातला रानपिंगळा

मैत्रिणींनो, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकून, तापी ओलांडून उत्तरेला निघालं की यावल-रावेरच्या केळीच्या बागा लागतात. त्यांच्यापलीकडे सातपुडा. तिकडे पालला सहल काढाल, तेव्हा झाडांच्या वाळक्या फांद्यांकडेही जरा बघा हं! यावल अभयारण्याच्या सागवनात रानपिंगळा राहतो. वीतभर उंचीचं हे घुबड रात्रीची वाट न पाहता दिवसाढवळ्या सरडे, उंदीर, नाकतोडे टिपतं. आपल्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं.

१८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. तो नामशेष झाला, असंच पुष्कळांनी धरलं होतं. पण २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो दिसला. तब्बल ११३ वर्षांनी, आणि तोही आपल्या खानदेशातच, बरं का!

तरी त्याच्यावरचं संकट टळलेलं नाही. हा पक्षी काड्यांचं घरटं बांधत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. ते झाड तुटलं, की त्याचं घरच मोडलं. त्यात आपल्या समजुतींची भर. चित्रात लक्ष्मीचं वाहन म्हणून घुबडाला हात जोडायचे आणि तेच छपरावर बसलं की अशुभ म्हणून हाकलायचं, हे कुठलं शहाणपण? उंदीर मारणारा पाहुणा अशुभ कसा? तेव्हा मुलांनी त्याच्यावर दगड उचलला, तर आपणच त्यांचा हात धरायला हवा.